बारा नावांचा फलक

पहिली भानगड झाली ती दादासाहेब फाळक्यांपाशी.

तालुक्यातल्या कला शिक्षकांचं एक छोटं प्रदर्शन आहे. दारापाशी एक फलक लावायचा : मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून शिकून गेलेली नामवंत मंडळी. कोण, कुठली, पुढे काय केलं. फलकावर बारा नावं मावतात. नावं निवडायचं काम माझ्या मामांकडे आलं, कारण ते स्वतः जेजेचे. हायस्कुलात आयुष्यभर चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. मजकूर टाइप करायचं काम माझ्या मुलीकडे आलं, कारण ती सुटीला घरी होती आणि संख्याशास्त्र शिकते म्हणजे संगणक येणारच, असा मामांचा हिशेब. मी मधे बसून चहा आणि अधूनमधून पंचगिरी.

मामांनी फाळके सांगितले. मुलीने टाइप केलं, मोबाइलवर काहीतरी शोधलं आणि मान वर केली.

मुलगी : आजोबा, हे तिथं एकच वर्ष होते. 1885 साली आले, ड्रॉइंगचा वर्षाचा कोर्स केला आणि बडोद्याला गेले.

मामा : बरं, मग?

मुलगी : मग 'राजा हरिश्चंद्र' 1913 चा. मधे अठ्ठावीस वर्षं गेली. तेवढ्यात माणूस पुरातत्त्व खात्यात नोकरी करतो, छापखाना काढतो, भागीदाराशी बिनसतं, लंडनला जाऊन येतो. आणि श्रेय कुणाला, तर त्या एका वर्षाला?

मामा : पुरातत्त्व खात्यातली नोकरी फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समनची होती. ती काय कीर्तन येतं म्हणून मिळते? हात बसलेला लागतो.

मुलगी : हात बडोद्यात बसला असेल. कलाभवनात होतेच की ते. पुढचं नाव बघा. बाळकृष्ण दोशी. प्रित्झकर पुरस्कार, 2018. वास्तुकलेत त्याहून मोठा पुरस्कार नाही आणि तो मिळालेले हे पहिले भारतीय. जेजेत 1947 साली आले, 1950 मध्ये कोर्स अर्धा टाकून लंडनला, तिथून पॅरिसला ल कॉर्ब्युझिएकडे. तिसरं नाव फ्रान्सिस न्यूटन सूझा. त्यांना तर 1945 मध्ये काढूनच टाकलं होतं. म्हणजे पहिल्या तीन नावांत एक वर्षभराचा, एक अर्ध्यातून गेलेला आणि एक हाकललेला.

मामा : सूझांना चळवळीपायी काढलं. छोडो भारत. चित्र येत नव्हतं म्हणून नाही.

मुलगी : तेच म्हणते मी. काढताना परका आणि मिरवताना आपला?

इथे मी मनातल्या मनात मुलीला गुण दिले. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या कॉलेजांच्या प्रवेशद्वाराशी अशा संगमरवरी पाट्या असतात, आणि त्यांवरच्या माणसांची आत्मचरित्रं वाचली तर कॉलेजबद्दल चार बऱ्या ओळी सापडतीलच असं नाही. पण मामा तेवढ्याने हलणारे नव्हेत.

मामा : ठीक. मग पुरी मुदत काढलेलं नाव घे. वासुदेव गायतोंडे. गिरगावातल्या चाळीत राहून 1948 साली पदविका घेतली. 2014 मध्ये न्यू यॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरवलं. घातलंस?

मुलगी : घातलं. पण आजोबा, मला ही पद्धतच पटत नाही. जे गाजले ते आपल्याला दिसतात म्हणून आपण त्यांची यादी करतो. एकूण किती शिकले? त्यातले किती गाजले? आणि तिथं न शिकता किती गाजले? हे तीन आकडे नसतील तर ती नुसती आरती झाली. कलावंतांचा प्रोग्रेसिव्ह ग्रूप घ्या, 1947 चा. सहा जण. सूझा, रझा, बाकरे हे जेजेचे, त्यातही सूझा काढलेले. बाकीच्यांत आरा लोकांच्या घरी नोकर होते, गाड्या धुवायचे. हुसेन सिनेमाची होर्डिंगं रंगवायचे. गाडे विज्ञान शिकलेले. सहापैकी तीन. नाणं उडवलं तरी एवढंच येतं!

मामा : (हसून) नाणं उडवून बघ बरं एखादा रझा पडतो का.

मुलगी : आणि हुकमाचा पत्ता राहिलाच. आर. के. लक्ष्मण. जेजेने त्यांना प्रवेशच नाकारला. या विद्यार्थ्यात पुरेसे गुण दिसत नाहीत असं कळवलं. ते म्हैसूरला साधं बी.ए. झाले आणि पन्नासहून जास्त वर्षं व्यंगचित्रांनी देशाला रोज सकाळी हसवलं. त्या नकार दिलेल्यांची यादी कुठल्या फलकावर आहे?

मामा गप्प झाले. लक्ष्मणांची गोष्ट जेजेच्या माणसाला नवी नसते. जेजेवाले ती स्वतःच रंगवून सांगतात. पण आपली नात ती अशी अंगावर टाकेल हे त्यांच्या ध्यानात नव्हतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. पुढे जे बोलले ते फलकासाठी नव्हतं.

मामा : तू म्हणतेस ते आकड्यांत खरं असेल. पण तू यादी शेवटाकडून वाचतेस. मी सुरुवातीकडून वाचतो. अलिबागजवळ सासवणे नावाचं गाव आहे. तिथल्या विनायक करमरकर नावाच्या मुलानं देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराज काढले. कलेक्टर होता ऑटो रॉथफील्ड. फिरतीवर आला, भिंत बघितली, विचारलं हे कुणी काढलं. मुलाला मुंबईला धाडलं. पुण्यात शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात महाराजांचा घोड्यावरचा पुतळा आहे ना, 1928 चा? तो त्या पोराचा.

मुलगी : म्हणजे रॉथफील्डचं श्रेय. तो त्या गावाला आलाच नसता तर?

मामा : नसता आला तर पोरगा गणपती करत राहिला असता, चांगलेच केले असते. पण आला. आणि आल्यावर त्याला पोरगा पाठवायला एक जागा होती. ती नसती तर साहेबानं काय केलं असतं? पाठीवर थाप, हातात दोन रुपये, आणि घोडा पुढे. राम सुतारांचं बघ. धुळ्याजवळचं गोंदूर गाव, सुताराचं घर. शिक्षक भेटले श्रीराम जोशी, त्यांनी मुंबईची वाट दाखवली. 1953 साली शिल्पकलेचं मेयो सुवर्णपदक. मग वेरूळला पुरातत्त्व खात्यात, मोडक्या मूर्ती दुरुस्त करायला. आणि आता नर्मदेकाठी 182 मीटरचे सरदार पटेल. पुतळा एवढा उंच असावा की नसावा, त्यावर मी तुझ्याशी दुसऱ्या दिवशी भांडेन.

मुलगी : त्यावर आपलं एकमत होईल, आजोबा.

मामा : होऊ दे. पण सुताराच्या मुलाला परवडेल अशी ती जागा होती. सरकारी. जमशेटजी जीजीभाईंनी एक लाख रुपये दिले, 1857 मध्ये वर्ग सुरू झाले, आणि काही वर्षांतच सरकारनं ती संस्था आपल्याकडे घेतली. साहेबाचा हेतू काही थोर नव्हता. त्याला हिंदुस्थानातले कारागीर हवे होते, नक्षी कोरणारे, लोखंड वळवणारे, इमारतींना शोभा आणणारे. चित्रकार त्याच्या हिशेबात नव्हताच. व्ही.टी.च्या भिंतींवर जी पानंफुलं, मोर, माकडं आहेत ना, त्या नक्षीकामात जेजेच्या पोरांचे हात आहेत.

(आम्ही तिला सीएसएमटी म्हणतो, मामा अजून व्ही.टी. म्हणतात.)

या ठिकाणी मला कोल्हापूरची आठवण झाली, आणि मी पंचाची खुर्ची सोडून मधे तोंड घातलं. कारण कोल्हापूर हे या वादाचं चांगलं उदाहरण आहे. एकाच गावची चार माणसं, चौघांनाही चित्र येत होतं.

आबालाल रहिमान 1880 च्या दशकात जेजेत शिकले. पदक मिळवलं, मुंबईत नाव काढता आलं असतं. ते कोल्हापूरला परत गेले. शाहू महाराजांचा आश्रय होता. पंचगंगेचा काठ, रंकाळा, कोटितीर्थ यांची चित्रं काढत फकिरासारखे राहिले. 1922 साली महाराज गेले तेव्हा आपली असंख्य चित्रं त्यांनी कोटितीर्थाच्या पाण्यात सोडली, असं कोल्हापुरात अजून सांगतात. दुसरे महादेव विश्वनाथ धुरंधर. ते 1890 मध्ये शिकायला म्हणून गेले आणि तिथेच शिक्षक झाले. 1931 साली निवृत्त झाले तेव्हाच बाहेर पडले. आत्मचरित्राचं नावच 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे'. जुन्या मुंबईची त्यांची पोस्टकार्डं आजही लोक जमवतात. तिसरी भानुमती राजोपाध्ये, चित्रकाराची मुलगी. जेजेत सुवर्णपदक मिळवलं, एका इंग्रजी साप्ताहिकात कपड्यांची रेखाटनं काढायला लागली, तिथून सिनेमात गेली. 'गांधी'च्या वेशभूषेसाठी 1983 साली तिला ऑस्कर मिळालं. जग तिला भानू अथैया म्हणतं. आणि चौथे बाबूराव पेंटर, जे जेजेला गेलेच नाहीत. घरात शिकले, पडदे रंगवले, सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला आणि 1920 मध्ये 'सैरंध्री' दाखवली.

मुलगी : बघ आई, तूच माझी केस मांडलीस. चौथा कुठेच गेला नाही आणि कुणापेक्षा कमी पडला नाही. उलट शांताराम, दामले, फत्तेलाल हे सगळे त्याच्या हाताखाली तयार झाले. बाबूरावांची महाराष्ट्र फिल्म कंपनी हेच कॉलेज होतं की. सरकारी नव्हतं, एवढंच.

मामा : एवढंच नाही, तेवढंच तर सगळं आहे. बाबूराव होते तोवर कंपनी होती. दामले-फत्तेलाल-शांताराम बाहेर पडले, प्रभात काढली, बोलपट आले, आणि कंपनी मिटली. मग त्यानंतर कोल्हापुरात जन्मलेल्या पोरानं कुठं जायचं? गुरू मोठा असतो गं, पण तो मरतो. कॉलेजात मास्तर मरतात, बदलतात, निवृत्त होतात, कधी कधी अगदी टुकार येतात. दरवाजा मात्र जूनमध्ये उघडतो.

मला हे वाक्य ऐकून वाद संपला असं वाटलं होतं. मुलीला तसं वाटलं नाही.

मुलगी : दरवाजा उघडतो हे मान्य. आत काय मिळतं ते सांगा. तुम्हाला काय मिळालं?

मामांनी शेजारच्या मासिकाची मागची बाजू ओढली आणि पेन्सिल मागितली. सांगितलं असं की पहिल्या वर्षी वर्गात प्लास्टरचे सुटे अवयव असायचे. नाक, कान, ओठ, मायकेलअँजेलोच्या डेव्हिडचा डोळा. एक कान समोर ठेवायचा आणि कोळशाने काढायचा. रेघ मारायची नाही. उजेड कुठे पडतो आणि अंधार कुठे साठतो एवढंच बघायचं. चुकलं तर रबर नाही, पावाचा मऊ गर घ्यायचा, चिमटीत मळायचा आणि कोळसा अलगद उचलायचा. घासला की कागदाचा दाणा मेला. पाव निम्मा कागदावर जायचा आणि निम्मा पोटात. बोलता बोलता त्यांनी कान काढला. कानाच्या पाळीचा वळसा आतल्या खोबणीत जिथे शिरतो, तिथे पेन्सिल आडवी धरून एकदाच दाबली, आणि तो कागदावरून उचलून घ्यावासा वाटला.

मामा : हे कुणाच्याही गुणांवर अवलंबून नाही. हे शिकवता येतं. पुढे तू पुतळा कर, कपडे शिव, नट हो. बघायची सवय सुटत नाही.

मुलगी : म्हणजे यादीतल्या लोकांना जेजेनं कला दिली असं तुम्ही म्हणतच नाही?

मामा : कला कोण देणार कुणाला! डोळा दिला. एवढं म्हणू दे मला.

मग मुलीनेच एक गोष्ट केली जिची मला अपेक्षा नव्हती. तिने यादी कामांप्रमाणे लावायला घेतली. मघाशी जी नुसती आरती होती, तिच्यात आता तिला रस वाटू लागला. होमाई व्यारावाला नवसारीच्या; जेजेत शिकत असताना वर्गातल्या मैत्रिणींचे फोटो काढले आणि देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार झाल्या. 'डालडा 13' या टोपणनावाने त्यांचे फोटो छापले जात. अच्युत कानविंदे आचऱ्याचे. जेजेतून वास्तुकला शिकले, मग हार्वर्ड, आणि पुढे आयआयटी कानपूरचा परिसर त्यांनी उभारला. अमोल पालेकर तिथे चित्रकला शिकले, बँकेत कारकुनी केली, चित्रांची प्रदर्शनं भरवली आणि सिनेमात गेले. नाना पाटेकर उपयोजित कलेचे. उपयोजित कला आणि वास्तुकला यांच्या स्वतंत्र संस्था निघाल्या, पण लोक तिन्हींना जेजेच म्हणतात.

मुलगी : उद्धव आणि राज ठाकरेही उपयोजित कलेचेच. घालू?

मामा : एक घातलास तर दुसरा घालावा लागेल, आणि दोन्ही घातलेस तर प्रदर्शन कुणी उघडायचं यावर सभा होईल. नको.

मुलगी : आणि हे र. कृ. जोशी कोण? कवी?

मामा : कवी होते, जाहिरातीत होते, शिक्षक होते. तू आत्ता फलक कुठल्या अक्षरात टाइप करतेयस?

मुलगी : मंगलमध्ये. संगणकात आपोआप तेच येतं.

मामा : ते अक्षर त्यांनी काढलं.

मुलगी खरंच चमकली. तिने खिडकी मोठी करून 'क्ष' आणि 'ज्ञ' न्याहाळले. तलाठ्याच्या दाखल्यापासून मंत्रालयाच्या परिपत्रकापर्यंत इतकी वर्षं जे अक्षर डोळ्यांसमोर आहे, त्याला कुणी माणूस असेल हे माझ्याही डोक्यात कधी आलं नव्हतं. कालनिर्णयावर चित्रकाराचं नाव शोधणारी मी. मला विचाराल तर सगळ्या यादीत सर्वांत जास्त वापरलं गेलेलं काम हेच, आणि त्याच्या मालकाचं नाव विचारलं तर शंभरातले नव्व्याण्णव लोक खांदे उडवतील.

मुलगी : आता खालचा आकडा सांगा, आजोबा. छेद. जे गाजले नाहीत ते.

मामा : ते मी.

हे त्यांनी सहज म्हटलं, रडगाणं म्हणून नव्हे. मग म्हणाले, आमच्या बॅचमधले बरेच जण ड्रॉइंग मास्तर झाले. कुणी लातूरला, कुणी चिपळूणला, कुणी नाशकात. आपल्याकडे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला दर वर्षी मुलं बसतात ती कोण बसवतं? स्मरणचित्र, संकल्पचित्र, वस्तुचित्र, कर्तव्यभूमिती, अक्षरलेखन, हे गावोगावच्या पोरांना कुणी शिकवलं? श्रीराम जोश्यांनी गोंदूरहून मुलगा पाठवला म्हणून राम सुतार झाले. म्हणजे फलकावर सुतारांचं नाव, आणि सुतारांच्या मागे एक मास्तर. मास्तर कुठून यायचे?

मुलगी : हे तुमचं सगळ्यात चांगलं आर्ग्युमेंट आहे, आणि तुम्ही ते शेवटी मांडलंत. पण ते आजच्याला लागू आहे का? माझ्या शाळेत चित्रकलेला दहावीपर्यंत नेमलेले सर नव्हते. तासिकेवर कुणीतरी यायचं, तेही एका वर्षी आलंच नाही. एलिमेंटरीला कुणी बसवलं नाही मला. जेजे मुंबईत उघडं असेल, पण सासवण्याच्या भिंतीवरचं चित्र बघणारा साहेबही नाही आणि गोंदूरचा मास्तरही नाही. मग दरवाजा जूनमध्ये उघडला काय आणि न उघडला काय?

मामा : (थोडं थांबून) हे बरोबर आहे.

मुलगी : आणि आता ते अभिमत विद्यापीठ झालं. 2023 पासून.

मामा : झालं. त्यावर जेजेच्या माणसांतच दोन तट होते. काहींना वाटत होतं राज्याचं स्वतंत्र कला विद्यापीठ करा, सरकारच्या ताब्यात राहू दे. काही म्हणत होते अभिमत केलं तर अभ्यासक्रम आपले आपण बदलता येतील, जुन्या साच्यातून सुटू. मी दोन्हीकडच्या सह्यांच्या पत्रकावर सही केली.

मी : मामा!

मामा : दोघंही माझे विद्यार्थी होते. आणि मला एकच बघायचंय. सुताराच्या पोराला फी झेपते का. झेपत असेल तर नाव काहीही ठेवा.

मुलगी : आकडे मिळतात त्याचे. मी काढते.

मामा : काढ. मला आधी दाखव, मग फेसबुकवर टाक.

यानंतर बारा नावांवर पुन्हा अर्धा तास गेला. फाळके राहिले, मात्र मुलीने त्यांच्यापुढे 'एक वर्ष' लिहिलं आणि दोशींपुढे 'अभ्यासक्रम अपूर्ण'. सूझांपुढे 'काढून टाकले' लिहायला मामांनी आधी नकार दिला, मग म्हणाले लिही, शाळेतल्या पोरांना ते वाचून बरं वाटेल. करमरकर, सुतार, गायतोंडे पक्के. कोल्हापूरचे तिघे पक्के. बाबूराव पेंटरांचा मुलीने आग्रह धरला तो नियमात बसेना. व्यारावाला, र. कृ. जोशी पक्के. पालेकर, नाना आणि कानविंदे गळले. पालेकर गळल्याचं मला वाईट वाटलं, पण मला कुणी विचारलं नाही.

अकरा झाले. बाराव्या जागेसाठी मामांचे गणपतराव म्हात्रे. विद्यार्थी असताना त्यांनी 1896 मध्ये 'मंदिरपथगामिनी' घडवली : नऊवारी नेसलेली, पूजेचं साहित्य घेऊन देवळाकडे निघालेली तरुणी. प्लास्टरची असून निऱ्या हलतील असं वाटतं, असं मामा सांगतात. मुलीचे लक्ष्मण.

मामा : अगं, जो आत आलाच नाही तो माजी विद्यार्थी कसा?

मुलगी : 'प्रवेश नाकारला' असं लिहू ना पुढे. सूझांना चालतं तर यांना का नाही?

मामा : सूझा आत येऊन बाहेर गेला.

मुलगी : आणि लक्ष्मणांना दारातून परत पाठवलं. तुमचा तो दरवाजा, आजोबा. उघडतो म्हणालात ना? मग ज्याच्या तोंडावर लागला त्याचं नावही त्याच फलकावर हवं.

मामांनी म्हात्र्यांसाठी फोनवरून आणखी दोन मास्तरांची मतं मागवली आहेत. मुलीने फलकाचं माप वाढवून तेरा नावं बसतात का ते पाहिलं. बसतात, पण अक्षर लहान करावं लागतं, आणि अक्षर लहान करायला मामा तयार नाहीत.